रविवारी न येणारा खोकला

रान्दीताई,

खेकड्यांच्या कारखान्यात सगळे तुला टोमणे मारायचे, "सोमवारी खोकते, रविवारी ठणठणीत! नाटकी कुठली!" सगळ्यात मोठ्यानं मीच हसायचे. शेवटी तू काम सोडून ट्रोम्सो शहरात गेलीस.

आता मीही तश्शीच खोकते. ग्रंथालयातल्या गुद्रुनबाईंनी इंटरनेटवर डॉक्टरांचा लेख शोधून दिला. उकळत्या खेकड्यांच्या वाफेनं दमा होतो, आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटणं हीच त्याची खूण! लेख तू गेलीस त्याच्या आधीचा आहे गं. आम्ही शोधलाच नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी तो सगळ्यांना वाचून दाखवला. कुणीही हसलं नाही. सगळ्यांनी मिळून मालकांकडे मागणी केली, आणि सोमवारी वाफ बाहेर ओढणारे पंखे बसतायत.

हे पत्र टपालात टाकत नाही. शनिवारच्या बोटीनं तुझ्याकडे येतेय, समोर बसून सांगेन.

तुझ्यानंतरची नाटकी,
मारित