चुलीचे दोन घास

बाबा, आज गॅसच्या शेगडीपुढे उभी असताना तुमचा राग आला, म्हणून लिहायला बसले. तुमची ती ग्रीकांची चुलीची देवी या निळ्या ज्योतीत कुठे बसायची, ते तुम्ही सांगून गेला नाहीत.

भोकरदनच्या शाळेत तुम्ही इतिहास शिकवायचात. नांगराला जुनी खापरं लागली की ती घरी आणून म्हणायचात, "यवनांचे, म्हंजी ग्रीकांचे व्यापारी इथवर आल्ते. त्यांनीबी चुली मांडल्या असतील. त्यांच्या हेस्तियाला आता कोणीच विचारत न्हाई." तिची एवढी कीव आली की तुम्ही तिची पूजाच सुरू केलीत. जेवणाआधी एक घास चुलीला, जेवणानंतर एक, आणि वर ताकाची धार. निखारे चरचरतात, राख उडून भाकरीवर बसते आणि आई करवादते, "पयला घास तर मीबी चुलीला देते. त्याच्यासाठी परदेशातली देवी कशाला? अन् ताक वतून चूल इझवून राह्यले!" तुम्ही हसता आणि मला जवळ बोलावता. "माझ्यासंगं म्हण, पयला घास तुझा, शेवटचाबी तुझा. एकट्यानं म्हटलं तर तो नाद. दोघांनी म्हटलं की धर्म."

मी म्हणायचे. मोठी झाल्यावर लाज वाटायला लागली, तरी तुमच्यासाठी म्हणायचे.

दुष्काळ सरल्यावर जालन्याहून मला बघायला पाहुणे आले. पानं वाढली आणि तुम्ही त्यांच्यादेखत घास उचलून मला चुलीपाशी हाक मारलीत. पाहुण्यांनी विचारलं, "हे कोणतं कुलदैवत, मास्तर?" तुम्ही तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "दैवत न्हाई. बाबांना येड लागलंय." सगळे हसले. तुम्हीही हसलात. लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला कधी बोलावलं नाहीत. आमच्याकडे पाठ करून घास टाकायचात, नुसते ओठ हलायचे. एका शब्दानं रागावला असतात तरी बरं झालं असतं. मी जालन्यात मस्तगडला नांदायला आले आणि दोन वर्षांत तुम्ही गेलात. माफी मागायची राहूनच गेली.

आता या घरात जेवायला मी एकटीच असते. हा कागद टाकायला चूलही नाही, म्हणून पिठाच्या डब्याखाली ठेवते आहे. देवी आहे असं मला आजही वाटत नाही. तरी रोज शेगडीजवळ बशी ठेवते, आधी एक घास, नंतर एक, आणि मोठ्यानं म्हणते. तुमचंच खरं होतं, बाबा. एकटीनं म्हटलं की तो नुसता नाद राहतो.