पाच हजार फुटांचा नियम

प्रिय भिंगरी,

माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. आम्ही दोघं ठणठणीत आहोत आणि विमानांच्या हँगरचं दार अजूनही खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर मी तिसऱ्या वाक्याला वाद घातला असता. कागद उलटून बोलत नाही, एवढा त्याचा फायदा.

बातमी अशी, की गेला महिनाभर थोरलीनं मला सळो की पळो करून सोडलं. माझं ते लाडकं विमान, दुसऱ्या कुणा शिक्षकाला मी हात लावू देत नाही, आणि तेच उलटलं. रोज सकाळी सुरू केलं की दोन मिनिटं इंजिन ठसकायचं, सगळं विमान थरथरायचं, आणि एकदा तापलं की असं साळसूद चालायचं, जसं काही झालंच नाही. मी हवेला दोष दिला, पेट्रोलवाल्याला दिला, विद्यार्थ्यांनाही उगाच झापलं. शेजारी आपलं दुसरं विमान, धाकटी, उभी, जवळजवळ तेवढ्याच वयाची, तेच इंजिन, आणि एका झटक्यात सुरू! तुझी आई पाना पुसत गालातल्या गालात हसायची. बायकोलाच आपल्या विमानशाळेची मेकॅनिक नेमण्याचे हे तोटे.

रविवारी सकाळी चहाला बसलो, तर टेबलावर वर्तमानपत्र पसरून सोळा स्पार्क प्लग मांडलेले. थोरलीचे आठ, सिलेंडरला दोन-दोन, काजळलेले, आत पेट्रोलमधल्या शिशाचे राखाडी मणी अडकलेले. धाकटीचे आठ फिक्या बदामी रंगाचे, स्वच्छ. शिवाय धूर बाहेर सोडणारा थोरलीचा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. त्याच्या दांडीवर इतकी पुटं चढली होती, की इंजिन थंड असलं की तो जागच्या जागी अडकायचा. ठसका त्याचाच. धाकटीला काय वेगळं केलंस, असं मी विचारलं. तुझी आई म्हणाली, मी कुठे, तुमच्या लेकीनं केलं.

मग सगळं बाहेर आलं. तू गेल्यापासून दोन वर्षं, धाकटीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ती तुझ्या अक्षरातलं कार्ड देत होती. उड्डाणाला पेट्रोल भरपूर द्यायचं. वर पोचून, ताकद उतरवून सरळ उडायला लागलं की पेट्रोल कमी करणारी लाल मूठ हळूहळू मागे ओढायची, चारही सिलेंडरच्या तापमानाचे आकडे बघत. सगळ्यात गरम टप्पा ओलांडून पलीकडे गेलं की इंजिन उलट थंड चालतं. आणि मी तीस वर्षं काय शिकवलं? पाच हजार फुटांखाली लाल मुठीला हात लावायचा नाही, जास्त पेट्रोल म्हणजे सुखी इंजिन! अगं, आपले धडे तीन हजारांच्या वर जातात तरी कधी? म्हणजे थोरलीची मूठ उडताना जन्मात हलली नाही, आणि जास्तीचं पेट्रोल तिच्या आत काजळी होऊन बसलं. हा नियम मला माझ्या गुरुजींनी दिला, त्यांना त्यांच्या गुरुजींनी. का, असं कुणी विचारलंच नाही.

तू विचारलंस. लहानपणी विमानात दोन उशा खाली घेऊन माझ्या शेजारी बसायचीस आणि एकेका काट्याकडे बोट दाखवून का, का, का. तेव्हा मी जगाला कौतुकानं सांगत फिरायचो. तोच प्रश्न तू शिक्षिका होऊन भर वर्गात विचारलास, फळ्यावर तो तापमानाचा चढणारा-उतरणारा आलेख काढलास, आणि मी सगळ्या तुकडीसमोर तो बाहीनं पुसून टाकला. इंजिनं जाळायची असतील तर दुसरीकडे जा, असंही म्हणालो. तू गेलीस. तुझी आई चार दिवस माझ्याशी फक्त तेल आणि नटबोल्टांपुरतं बोलली.

मंगळवारी मी कुणाला न सांगता धाकटी काढली. कार्ड मांडीवर. वर जाऊन सरळ झालो आणि या वयात नवशिक्यासारखी मूठ इंचाइंचानं ओढायला लागलो. आकडे चढले, चढले, आणि मग चारही एकापाठोपाठ एक उतरायला लागले. इंजिन जराही अडखळलं नाही, कारण चारही सिलेंडरना सारखं पेट्रोल मिळेल असं तुझ्या आईनं जुळवून ठेवलं होतं. मी वर एकटाच मोठमोठ्यानं हसत होतो. तीस वर्षांत आपल्याच इंजिनाबद्दल नवीन काही कळल्याचा इतका आनंद मला झाला नव्हता. खाली उतरल्यावर पहिल्यांदा तुला सांगावंसं वाटलं.

सोमवारी नवी तुकडी येते आहे. जुन्या तुकडीतलेही यायचं म्हणतात, त्यांना मीच बोलावलंय. मी चुकलो आणि माझी लेक बरोबर होती, हे मी त्या सगळ्यांसमोर उभा राहून सांगणार आहे. तू आलीस तरी, नाही आलीस तरी. मग इंजिनाचा तास आहे, आणि तो घ्यायला दुसरं कुणी मी शोधलेलं नाही. पण चारचौघांत बोलण्याआधी तुला एकटीला सांगायला हवं होतं, म्हणून हे पत्र. मला माफ कर, बाळा. घरी ये आणि मला शिकव.

तुझाच, उशिरा शहाणा झालेला,
बाबा