कंट्रोलर, कीबोर्ड आणि एक बूट

२ जून
पुन्हा तेच! मामाचं म्हणणं, गेम खेळायचा तर कीबोर्ड-माऊसवर, बाकी सगळी खेळणी. मामा म्हणजे आमच्या खोलीतला आचारी. कॉम्प्युटर त्याचा, म्हणून अक्कलही त्याचीच. कीबोर्डचं एक बटण निखळलंय, तिथे बाटलीचं झाकण चिकटवलंय. आणि हा मला शिकवणार! मी दिवसभर गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. दांडे माझ्या हातात नाचतात. गेमच्या हातातल्या कंट्रोलरलाही दोन दांडे. आपला जन्म कशासाठी झालाय ते आज कळलं.

३ जून
खालचा मोबाईलवाला महिनाअखेरीला स्पर्धा घेतोय. गोळीबाराचा गेम, ज्याने त्याने आपापलं साधन आणायचं. बक्षीस वीस हजार. धाकटी बहीण छोटी, तिची नर्सिंगची फी बारा हजार. तिला फोन करून टाकला, फी दादा भरणार, तू निर्धास्त राहा. ती नुसतं हं म्हणाली. भारावली असावी.

५ जून
कंट्रोलर घेतला. फीसाठी साठलं होतं ते सगळं घातलं. याला खर्च म्हणत नाहीत, पेरणी म्हणतात. खोलीतला वेल्डर म्हणाला, रंग छान आहे. जळतो मेला.

८ जून
किरकोळ अडचण. फोर्कलिफ्टचा दांडा मागे ओढला की काटे वर. इथे मागे ओढला की नजर खाली. शत्रू राहतो बाजूला, मी स्वतःचे बूट बघतो. मामाने चहा पीत पीत मला उडवलं. वर सांगतो, सेटिंगमध्ये उलटं करता येतं. सेटिंग इंग्रजीत. शिवाय खरा गडी मशीन वळवत नाही, हात वळवतो.

१७ जून
हात वळला!! वेल्डरला लागोपाठ लोळवलं. तो म्हणे फोनवर बोलत होता. हरणाऱ्याला सबबी फार.

१८ जून
हात जरा जास्तच वळला. रंगाच्या डब्यांचं पॅलेट खाली घ्यायचं होतं. दांडा मागे ओढला. पॅलेट वर. ट्यूबलाईट गेली, पिवळा रंग आला. साहेबाने विचारलं, झोपला होतास का? म्हटलं, सराव चालू आहे. पगारातून कापणार. खेळाडूची कदर नाही.

२१ जून
साहेब शेजारी उभा राहून वर-खाली, वर-खाली करून घेतोय. हात परत फोर्कलिफ्टचा झाला. हरकत नाही. ऐनवेळी उपजत गुण धावून येतात.

२८ जून
आले नाहीत. पहिल्याच फेरीत समोर मामा, झाकणासकट. सगळा वेळ माझे बूट पाहिले. फार बारीक काम आहे, लेसची गाठसुद्धा दिसते. पुढच्या फेरीत मामाही आपटला. म्हणजे कीबोर्डही काही खरा नाही. मी पहिल्यापासून म्हणत होतो.

३० जून
कापून उरलेला पगार भाडं आणि खाणावळीत गेला. कंट्रोलर मोबाईलवाल्याला विकला. त्याने दिले ते मोजण्यासारखे नव्हते.
छोटीला फोन. म्हटलं, ते फीचं जरा... तर म्हणाली, ती कधीच भरली, शिवणकाम करून. दादा, तू निर्धास्त राहा म्हणालास ना, त्याच दिवशी मशीनवर बसले. मागे आई हसत होती. बघा, माझ्या शब्दात केवढं बळ!
मग म्हणाली, कॉलेजात पांढरे बूट लागतात, तेवढे जमतील का? म्हटलं, अगं वेडे, बूट हा तर आपला विषय. या खोलीत बुटांचा एवढा अभ्यास कुणाचाच नाही.
दुकानात जोडीचा भाव विचारून आलो. आत्ता एका बुटाचे पाठवतोय, दुसऱ्याचे पुढच्या पगारात. साडेतीनशे.