दार ढकला

प्रिय दादा,

मोकळी जागा, मोकळी जागा काय लावलंयस? फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. यात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. बस आणि वाच.

आपल्या दुकानासमोरची दगडी इमारत पाडून पार्किंग झालं, त्याचा नकाशा तुझ्या हातचा. 'बाबांच्या गिऱ्हाइकांची सोय झाली' म्हणालास. झाली ना! लोक गाडी लावतात आणि फोन कानाला लावून पळतात. आधी त्या इमारतीच्या कमानीखाली माणसं उगाच रेंगाळायची, तिथल्या शिंप्याशी गप्पा ठोकायची आणि आलोच आहोत तर म्हणून चष्म्याची दांडी आवळून घ्यायला आपल्या दुकानात शिरायची. आता उन्हात तापलेल्या पत्र्यांमध्ये कोण रेंगाळणार?

बाबांनी दुकानात अक्षरांचा तक्ता कधी लावलाच नाही. खुर्ची दाराकडे तोंड करून, आणि 'वाचा समोरचं'. वर दगडात कोरलेलं इमारतीचं नाव, मग शिंप्याचा बोर्ड, तळाला टायपिंग क्लासची बारकी पाटी: पहिला मजला, दार ढकला. 'दार ढकला'पर्यंत पोचला त्याला चष्मा नाही. तुला चष्मा नको होता, म्हणून तू सगळं घोकून आलास. आणि नेमका क्लास दुसऱ्या मजल्यावर सरकला, पाटी नव्याने रंगवली. तू आपला खणखणीत आवाजात 'पहिला मजला'! 'पाठांतर फर्स्टक्लास, डोळे ढ,' म्हणत बाबा पोट धरून हसले होते.

इमारत गेल्यापासून ते गिऱ्हाइकांना गाड्यांचे नंबर वाचायला लावतात. गेल्या महिन्यात पोस्टातल्या मावशींनी आठाचे तीन केले. बाबा म्हणाले, 'वा, बरोबर.' मी मागेच उभी होते. दुकान बंद करताना मीच खुर्चीत बसले. समोर एकही गाडी नव्हती. मी मनानेच एक नंबर ठोकून दिला. 'वा,' बाबा म्हणाले, 'चष्मा बदलायला नको हं तुझा.'

बाबांना कधीपासून दिसत नव्हतं, कोण जाणे. पाट्या तोंडपाठ होत्या, त्यावर निभावलं. गिऱ्हाईक कुठे अडखळलं ते त्यांना कानानेच कळायचं. ती इमारत त्यांना सांभाळून घेत होती, दादा. आपल्याला पत्ताच नाही.

मोतीबिंदू आहे. ऑपरेशन म्हटलं की अंगावर यायचे. गेल्या आठवड्यात मात्र शांतपणे म्हणाले, 'आत्ता समोर पाहिलं की मला तीच इमारत दिसते. ती काढून तुम्ही मला काय दाखवणार?' मग स्वतःच तयार झाले, पण एका अटीवर. आज ऑपरेशन आहे; डॉक्टर म्हणतात, डोळ्याची पट्टी उद्या सकाळी घरी काढली तरी चालेल. बाबा म्हणतात, दुकानातल्या खुर्चीत काढायची, आणि तेव्हा शेजारी तू हवास. समोर काय ठेवलंयस ते तू त्यांना वाचून दाखवायचं. आणि पाठ करून येऊ नकोस.

इमारत पाडल्यापासून तू इकडे फिरकला नाहीस, म्हणून सांगते, दुकानाचं दार हल्ली अडकतं. बाहेर उभा राहून परत जाऊ नकोस. ढकल.

खाली हॉर्न वाजतोय. बाबा जाऊन बसलेसुद्धा. हो, गाडीनेच चाललोय, हस. पत्र वाटेत तुझ्या ऑफिसच्या वॉचमनकडे देते आणि फोन बंद ठेवते.

तुझीच,
ढापणी