मुंग्यांचा प्रकल्प उघडेना

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

माझा मुंग्यांवरचा प्रकल्प बाईंच्या संगणकावर गेला आणि त्याचे नुसते चौकोन झाले! शुक्रवारपर्यंत उघडला नाही, तर शाळेसमोर बोलायला बाई दुसऱ्या कुणाला उभं करणार. आणि मला बोलायचंच आहे गं! बाई म्हणाल्या, पीडीएफ पाठव. मी लगेच फाईलच्या नावाचा शेवट खोडून तिथे पीडीएफ लिहिलं. आता ती माझ्याकडेही उघडत नाही. बाबा म्हणाले, आत्याला विचार, ती छापखान्यात दिवसभर हेच करते.

लोभ असावा, उत्तर त्याआधी यावं.
तुझी वटवट

४ फेब्रुवारी

चि. वटवटीस,
अ. उ. आ.

अगं शहाणे, डब्यावरची चिठ्ठी बदलून साखरेचं मीठ होतं का? नाव पहिल्यासारखं कर, फाईल उघड आणि तिथूनच पीडीएफ म्हणून जतन कर. मग अक्षरं फाईलबरोबरच जातात, बाईंच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अडत नाही. पण आधी मूळ फाईल मला पाठव, पीडीएफमध्ये दुरुस्त्या करताना माझा जीव जातो. मुद्रितं तपासणाऱ्या बाईची भाची चुका घेऊन शाळेत जाणार नाही.

जेवत जा, लोभ आहेच.
आत्या

६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उघडला, उघडला, उघडला! बाईंनी तो वर्गात भिंतीवर मोठा करून दाखवला. आणि समासात तुझे शेरे! मी ते पुसायचे विसरून तसंच पीडीएफ केलं होतं. ‘राणी मुंगी आराम करते म्हणे. अंडी काय आभाळातून पडतात?’ बाईंनी हे मोठ्यांदा वाचलं. पुढचं, ‘हे वाक्य तुझ्या बापासारखं, सुरू झालं की संपत नाही.’ वर्ग पोट धरून हसत होता, मी बाकाखाली होते. शेवटच्या पानावर मात्र बाई थांबल्या. तिथे तू लिहिलंयस, ‘सुरेख. इथे माझी पेन्सिल चालेना.’ आत्या, मला रडूच आलं.

मीच बोलणार आहे! पण बाईंची अट आहे, शेऱ्यांसकट, आणि शेरे तूच येऊन वाचायचे.

लोभ वाढव, नाही म्हणू नकोस.
तुझी वटवट

७ फेब्रुवारी

चि. वटवटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी छापखान्यात इतकी हसले की मालक यंत्र थांबवून बघायला आले. इतकी वर्षं समासात लिहिते आहे, पण माझं लिहिलेलं कुणी मोठ्यांदा वाचलं नव्हतं. मी येते. मात्र आतापासूनच घाम फुटलाय, चार माणसांसमोर मी कधी तोंड उघडलेलं नाही. तुला बोलायची हौस आहे, तू बोल. फक्त माझी पाळी येईल तेव्हा हात सोडू नकोस.

लोभ आहे, तो तिथेही असू दे.
तुझी घाबरलेली आत्या