संघपाल जाडा कसा झाला

मु. एकोडी, ता. साकोली, जि. भंडारा

प्रिय मित्र श्यामराव ड्रायव्हर यास आनंदराव कंडक्टरचा जयभीम. तुझा रामराम पोचला असं मीच समजून घेतो, कारण पुण्याले पोरीकडं राहाले गेल्यापासून तू पत्र लिहिणं सोडलं. गुडघे कसे आहेत? सुमनवहिनी, तृप्तीबेटी, जावईबापू सारे खुशाल असतीन. मी एकदम ठीक आहे. (मान हालवू नको, पुरं वाच. नोकरीभर मी घंटी मारल्याशिवाय तू गाडी हालवली नाही, आताच काहून घाई?)

तं झालं असं का, आमचा संघपाल नोकरीले तुझ्याच पुण्यात आहे, पण त्याचा जुना कॉम्प्युटर घरीच आहे. त्याची माय विमला गेल्यावर पोरानं त्याले कॅमेरा बसवला, नेट घेऊन दिलं अन् म्हणाला, बाबा, दर रविवारी यावर समोरासमोर बोलू. (माझ्या साध्या फोनात चेहरा दिसत नाही, अन् मोठा फोन मले जमत नाही. बोट लावा एकीकडं, उघडते भलतंच.) तं रविवारी मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पडद्यासमोर बसतो. खाली लुंगीच असते, ते काही त्याले दिसत नाही. बाकीचे दिवस बोलाले कोण आहे? रेडिओ बोलते, पण तो माझं ऐकत नाही.

मागच्या धानकापणीच्या वेळी ते मशीन सुस्त झालं म्हणून साकोलीच्या भूपेंद्रच्या दुकानात दिलं. त्यानं फॉरमॅट मारून दिलं. घरी आणून लावतो तं काय, सारं मोठं अन् रुंद! अक्षरं एसटीच्या पाटीवरच्यासारखी. खालचा भाग तं पडद्याबाहेरच गेला, अन् त्याच्यासोबत कॉल कापायचं लाल बटनही गेलं. बोलणं संपलं तरी मले कापता येईना. संघपालले वाटे का बाबाले आणखी काही सांगायचं आहे, म्हणून तोही कापेना. तो तिकडं आपलं काम करे, मी इकडं पेपर वाचत बसे. खरं सांगतो श्यामराव, हप्त्यातला तेवढाच वेळ घरात कोणी आहे असं वाटे.

अन् दुसरं म्हणजे पोरगा जाडा झाला. गाल सुटले, खांदे भरले. शेजारच्या चंद्रभागाबाईनं एकदा डोकावून पाहिलं अन् म्हणाल्या, "भाऊ, पोरगा चांगला भरला हो अंगानं!" मी खूश. त्याची माय जन्मभर त्याच्यामागं ताट घेऊन धावली, तेव्हा हा काडीचा काडी. म्हटलं, पुण्याचं पाणी मानवलं. पण पुढं पुढं मले घोर लागला, या वयात एवढं अंग बरं नाही. मग दर रविवारी माझं भाषण सुरू. पोळ्या कमी कर, भात सोड, पायी फिर. इथून तांदूळ, जवसाची चटणी, सुके झिंगे पाठवत होतो, तेही बंद केलं. तो नुसता "हो बाबा" म्हणे. अन् उलट मलेच म्हणे, "बाबा, तुम्ही लई वाळले." मी कोपऱ्यातल्या लहान चौकटीत स्वतःले पाहे, तं चांगला गरगरीत! मी म्हणे, तुझाच पडदा बिघडला, दुकानात दाखव.

दुरुस्तीचं मी मनावर घेतलं ते विमलापायी. तिचा फोटो त्या पडद्यावर ठेवला आहे. मशीन चालू केलं का ती येते. पण ती जिंदगीत कधी एवढी रुंद नव्हती रे. सकाळी तिच्यासमोर चहा घ्यावा तं परक्या बाईच्या घरी बसल्यावाणी वाटे.

मग मी कॉम्प्युटरचा डबा दुपट्ट्यात बांधून एसटीनं साकोलीले नेला. (नवा कंडक्टर म्हणाला, "राहू द्या काका." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, लगेजचं तिकीट फाड. तो मशीनमधून तिकीट काढते, फाडत नाही, हे मी विसरलो होतो.) भूपेंद्रनं डबा त्याच्या जुन्या चौकोनी टीव्हीले जोडला, तं चित्र बरोब्बर! विमला म्हणजे विमलाच. "काका, यात काही बिघाड नाही." घरी आणला, पुन्हा रुंद. म्हणजे दोष पडद्याचा. मग नुसता पडदा नेला. भूपेंद्रच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोही एकदम शहाणा! अलग अलग असले का दोघं बरे, अन् एका घरात आले का भांडण. असे जोडपे आपल्या गाडीत किती पाहिले आपण.

शेवटी दोघांले सोबत नेलं. तेव्हा भूपेंद्रनं डोकं खाजवत कबूल केलं का फॉरमॅट मारल्यावर चित्राचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र चालवणारा प्रोग्राम, टाकायचाच राहिला होता. त्यापायी रिझोल्यूशन खालीच अडकलं, वर चढेना, अन् चौकोनी चित्र माझ्या रुंद पडद्यावर ताणून बसे. त्याचा टीव्ही होताच चौकोनी, म्हणून तिथं सारं ठीक दिसलं. (पाहा, ड्रायव्हरशिवाय कोणतंच मशीन धड चालत नाही. एवढं मी तुले लेखी देतो, पण घरात दाखवत फिरू नको.) त्यानं ड्रायव्हर टाकला, अन् सारं झ्याक झालं.

रविवारी मी शर्ट घालून बसलो. समोर एक हाडकुळा पोरगा आला. मी विचारलं, "संघपाल आहे का घरी?"

तो म्हणाला, "बाबा, मीच होय."

मले वाटलं, भूपेंद्रनं आता चित्र उलट्या बाजूनं दाबलं. पण विमलाचा फोटो तं बरोबर होता. कोपऱ्यात स्वतःले पाहिलं, गालाचे खड्डे. उठून आरशात पाहिलं, आरशानंही पडद्याचीच बाजू घेतली. मग मी पोराले विचारलं, काय जेवून राहिला तू? म्हणे, "तुम्हीच तं कमी कर म्हटलं," अन् हसला. त्याची माय दुखणं लपवताना अशीच हसे. खोदून विचारलं तेव्हा समजलं का मेसचं जेवण त्याले उतरत नाही. खोलीत तिघं राहतात, पण तिघांच्या पाळ्या अलग, जेवाले कोणाले कोणाची सोबत नाही. रात्री चहा-बिस्किटावर भागवते. मी येतो म्हटलं, तं म्हणे खोलीत जागा नाही.

श्यामराव, पोरगं तिकडं एकटं वाळून राहिलं, अन् मी इकडून त्याले पोळ्या कमी कर म्हणून राहिलो. मले रडू आलं, तुझ्यापासून काय लपवू. लाल बटन आता दिसते, पण त्या दिवशी दोघांनीही ते दाबलं नाही.

वहिनीले नमस्कार, लेकरांले आशीर्वाद. गुडघ्याले तेल लाव.

तुझा,
आनंदराव

ता. क. पत्र खरं तं यासाठीच लिहिलं. संघपालचा पत्ता मागच्या बाजूले आहे. वहिनीच्या हातचा भात, वरण अन् झिंग्याची चटणी घेऊन त्याच्याकडं जा. मी पाठवलं म्हणू नको, "इकडून चाललो होतो" म्हण. डबा देऊन पळू नको, तो पुरं जेवेपर्यंत समोर बस. मग मले फोन कर.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात चंद्रभागाबाई डबा घेऊन हजर. "सहज आली," म्हणाल्या. (त्या सहज येतात ते फक्त विळा मागाले.) भात अन् वांग्याची भाजी होती. मी जेवेपर्यंत दारातून हालल्या नाहीत, नको म्हटलं तरी दुसऱ्यांदा वाढलं. मग अंगणात जाऊन त्यांनी फोन कानाले लावला. त्या फोनवर बोलल्या का अर्ध्या एकोडीले ऐकू जाते. "हो बेटा, खाल्लं बाबानं. दोनदा भात घेतला. नाही रे, तुझं नाव नाही घेतलं." म्हणून सांगून ठेवतो, तू मले फोन करशील तं गल्लीच्या पार बाहेर जाऊन कर.