आधी उघडलेली फाईल

सातारा, गुरुवार, संध्याकाळ

प्रोग्रॅम का अडकतो ते आज सापडलं. दुसरी फाईल उघडली नाही की तो तसाच परत फिरतो, आधी उघडलेली बंद न करता. अशा साचत जातात, मग सिस्टीम नवी उघडूच देत नाही.

अशी चूक कशी होते, हे आबांना एकदा सांगितलं होतं. रानातली मोटर सुरू झाली नाही, तर आधी उघडलेला व्हॉल्व्ह बंद करूनच घरी येणारा माणूस. मग रोज विचारायचे, "आदी उघडलेली बंद केलीस का गं?"

दुरुस्त झालं आणि सवयीनं ओरडले, "आबा, सापडलं." का ओरडले? महिना झाला त्यांना जाऊन.

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. आईला यातलं काही कळत नाही. पदराला हात पुसत ती दारात आली.

"आदी उघडलेली बंद केलीस का गं?"